काळी खिडकी आणि बाबांची पाळी

प्रोग्राम चालू असताना त्याच्या पोटात शिरता येतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. तिथे आम्ही प्रोग्राम लिहायचो, चालवायचो, तो पडला की कुठे चुकलं ते शोधायचो. पडलेल्या प्रोग्रामची चौकशी म्हणजे अपघातानंतरचा पंचनामा, गाडी कशी वळली ते अंदाजानेच सांगायचं. अमरावतीत नोकरीला लागल्यावर मी पहिल्यांदा असा प्रोग्राम पाहिला, ज्याला एक काळी खिडकी होती. त्या खिडकीत एक ओळ टाइप करायची, एंटर दाबायचं, आणि प्रोग्राम आपलं काम न थांबवता उत्तर द्यायचा. आत्ता तुझ्याकडे किती जण आहेत? इतके. सगळ्यात पुढे कोण? हा. धंद्याच्या भाषेत त्याला शेल म्हणतात. आमच्या ऑफिसात सगळे काळी खिडकीच म्हणायचे.

मला ती खिडकी फार आवडायची. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिच्याबद्दल बरंच वाईट बोलणार आहे. ऑफिसात एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळत नसे. पगार कधी, तर बघू. काम कधी संपवायचं, तर होऊन जाईल. गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय, तर सांगतो म्हणाला. खिडकीचं तसं नव्हतं. विचारलं तेवढंच सांगायची, आणि प्रश्नच चुकला असेल तर तोंडावर सांगायची की तुझा प्रश्न चुकलाय. पुण्याकडचे लोक आम्हाला उद्धट म्हणतात. ती खिडकी त्या हिशेबाने अस्सल वऱ्हाडी होती.

ऑफिस राजापेठेजवळ, दुसऱ्या मजल्यावर. खाली स्पर्धा परीक्षांचा क्लास होता आणि दिवसभर कुणीतरी मोठ्या आवाजात नद्यांची उगमस्थानं पाठ करत असायचं. आम्ही तिघंच. मालक, ज्यांना आम्ही सर म्हणायचो. माझ्या मागच्या टेबलावर बसणारा, वयाने माझ्याहून लहान, अकोल्याचा एक मुलगा. आणि मी. आमचं मोठं काम एकच होतं. बाळापूरच्या रस्त्यावर एक कापूस खरेदी केंद्र होतं, त्याची रांग सांभाळणारा प्रोग्राम. शेतकऱ्याने नाव नोंदवायचं, प्रोग्राम त्याला पाळी द्यायचा, आणि पाळी आली की फोनवर निरोप जायचा, उद्या गाडी आणा. मधल्या काळात आपल्या पुढे किती गाड्या आहेत ते फोनवर दिसायचं. या प्रोग्राममधला रांगेचा भाग मी लिहिला होता.

पहिल्याच हंगामात तो एकदा अडकला आणि केंद्राबाहेर गाड्या थेट मोठ्या रस्त्यापर्यंत उभ्या राहिल्या. सरांना इतके फोन आले की त्यांनी त्या दिवशीच नियम करून टाकला. हंगामात प्रोग्राम बंद करायचा नाही. काही बिघडलं तर काळ्या खिडकीतून, चालता चालता दुरुस्त करायचं. कुणाचं गाव चुकीचं पडलं, करून दे आतून. कुणाचा नंबर दोनदा नोंदला गेला, करून दे आतून. तिघांनीही एकाच नावाने आत जायचं, आणि खिडकीत कुणी काय टाइप केलं त्याची कुठेही नोंद राहत नसे. मी एकदा म्हणाले, सर, निदान कोणी काय बदललं ते तरी साठवू या. सर हसले. "तिघं तं हाओत मॅडम. घरातल्या घरात काय पहारा ठेवता?"

त्या वर्षी त्या रांगेत माझ्या बाबांचंही नाव होतं.

बाबा पातूरकडच्या आमच्या गावात राहतात. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले आणि नोकरीत असताना घेतलेल्या काळ्या जमिनीच्या तुकड्यावर कापूस करू लागले. गावात त्यांना अजून गुरुजीच म्हणतात. स्वभावाने किचकट माणूस. भाजीवाल्याचा हिशेब तपासतात, वर्तमानपत्रातल्या चुका पेनाने सुधारून घडी घालून ठेवतात. खरेदी केंद्राची रांग मोबाइलवर आली तेव्हा त्यांना जो आनंद झाला, तो मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. आल्यागेल्याला फोन दाखवायचे. "पाय, माह्या पुढं कितीक गाड्या हायेत ते इथं दिसते. कोनाले विचारा लागत नाई."

त्या आनंदाचं कारण मला माहीत होतं. आम्ही बौद्ध. आजोबा छप्पन साली नागपूरला जाऊन आले. पण आजोबा जाऊन आले म्हणून गाव काही जाऊन आलं नव्हतं. बाबांच्या लहानपणी गावात पिठाची गिरणी एकच, आणि गिरणीवर डब्यांची रांग लागायची. आमच्या घरचा डबा कितीही सकाळी ठेवला तरी कुणीतरी तो मागे सरकवायचं. हाताने नाही, पायाने. डबा शेवटी राहायचा आणि बाबा दळण घेऊन शाळेत उशिरा पोचायचे. हे त्यांनी मला रडून कधी सांगितलं नाही, चिडूनच सांगितलं. जिथे नाव-गाव न विचारता जो आधी आला तो आधी, अशी रांग दिसली की बाबा खूश व्हायचे. बँकेत, दवाखान्यात, कुठेही. आणि ही रांग तर त्यांच्या मुलीने लिहिलेली होती.

नाव नोंदवलं त्याच दिवशी त्यांनी मला फोनवर बजावलं. "हे पाय बाई, तू तिथं बसते म्हून माह्यं काही आतून करजो नको. माह्यी पाळी येईन तवा येईन."

"मी कशाला करू?" मी म्हणाले. मला थोडा रागच आला. पण बरंही वाटलं.

बाबांना गाडी नेण्याची घाई होती, आणि तिचं कारण कापूस घरात ठेवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. आमच्या घराला खोल्या दोन. त्यातली एक छतापर्यंत कापसाने भरलेली. कापूस घरात फार दिवस राहिला की अंगाला खाज सुटते. कापसातल्या बारीक किड्यांनी हातापायावर पुरळ येतं, ते कपड्यात शिरतात, झोप लागत नाही. आईचे दंड खाजवून लाल झाले होते आणि ती ओसरीत झोपायला लागली होती. मी आठवड्याच्या सुट्टीला गावी गेले की परतताना एस.टी.त मीसुद्धा खाजवत असे.

एके दिवशी दुपारी बाबांचा फोन आला. "बाई, माह्यी पाळी हालूनच नाई राहिली. काल पुढं जेवढ्या गाड्या होत्या, आज बी तेवढ्याच हायेत."

"काटा बंद असेल बाबा."

"काटा चालू हाये. मी बाळापूरले जाऊन पाहून आलो. धडाधड गाड्या खाली होऊन राहिल्या."

मला वाटलं, माझ्या रांगेत दोष आहे. प्रोग्राम लिहिणारी माणसं ही चूक हमखास करतात, काहीही वाकडं झालं की प्रोग्राममध्येच दोष शोधतात. मी लिहिलेली प्रत्येक ओळ पुन्हा वाचली. रद्द झालेल्या नोंदी बरोबर काढल्या जातात का, दोन गाड्या एकाच क्षणी आल्या तर काय होतं, सगळं खोट्या नावांनी चालवून पाहिलं. रांग अगदी बरोबर चालत होती. मागचा मुलगा मला म्हणालासुद्धा, "ताई, काहून इतकं डोकं लावून राहिल्या? रांग हाये, सरकन कधी ना कधी." मी त्याला माझ्या डब्यातला ठेचा दिला आणि पुन्हा कामाला लागले.

शेवटी मी काळी खिडकी उघडली. चालत्या प्रोग्रामलाच विचारू म्हटलं. बाबांच्या पुढे कोणकोण आहे ते विचारलं. उत्तर आलं. एवढ्यात मागच्या मुलाचा फोन वाजला. तो "हो भाऊ, हो भाऊ, बोला" म्हणाला, एक नाव पुन्हा उच्चारून पक्कं केलं, आणि म्हणाला, "करून देतो, थांबा." एंटरचा आवाज आला. मी सहज तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर बदललं होतं. बाबांच्या पुढे एक नाव वाढलं होतं, आणि ते नाव मी नुकतंच माझ्या पाठीमागे ऐकलं होतं.

मी मागे वळून पाहिलं नाही. आणखी एक फोन येण्याची वाट पाहिली. तो आला. पुन्हा हो भाऊ, पुन्हा एंटर, पुन्हा एक नाव बाबांच्या पुढे. मग मी खिडकीला एक प्रश्न विचारला, जो मी याआधी कधीच विचारला नव्हता, कारण त्याची गरज वाटली नव्हती. आत्ता तुझ्याशी अजून कोण बोलतंय? नाव तिघांचं एकच, पण कोण कुठल्या मशीनवरून आलंय ते तिने सांगितलं. माझ्याशिवाय आणखी दोन खिडक्या उघड्या होत्या. एक माझ्या मागच्या टेबलावरची. दुसरी खुद्द सरांच्या फोनवरची.

आपण ज्या घरात एकटे आहोत असं समजून वावरत होतो, तिथे आपल्या पाठीमागे दोन माणसं कायम उभी होती हे कळल्यावर जसं होईल, तसं मला झालं. भीती नव्हती, संताप होता. मी सरांच्या केबिनमध्ये गेले आणि जे पाहिलं ते सांगितलं. सर ऐकत होते, मान हलवत होते. मला वाटलं, आता त्या मुलाला बोलावतील.

"बसा मॅडम," सर म्हणाले. "तुमी तं आठ दिवसापासून दोष शोधून राहिल्या. दोष नाई ना तो. सोय हाये. केंद्रावाल्यानं आपल्याले काम काहून देलं? प्रोग्राम तं नागपूरवाल्याचा बी होता. आपल्याकडं फोन केला की काम होते, म्हून देलं. आपली मानसं असतात, त्याइले नाई म्हनता येत नाई."

आपली माणसं म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. ते विचारायचं नसतं, आम्हाला जन्मापासून माहीत असतं. सरांचे, त्या मुलाचे, केंद्रावरच्या साहेबांचे सोयरेधायरे, गाववाले, ज्यांच्याकडे यांचा नंबर आहे ते. त्यात काही दुष्टपणा नव्हता, खरंच नव्हता, आणि म्हणूनच जास्त संताप येतो. माझ्या बाबांना मागे ढकलायचं असं कुणीही ठरवलं नव्हतं. प्रत्येकाने फक्त आपला एक माणूस पुढे घेतला होता. ज्याला आत कुणीच नाही तो आपोआप मागे जात होता.

"तुमच्या बाबाचं बी नाव हाये म्हंता ना?" सरांनी फोन हातात घेतला. "अगोदर सांगा लागत होतं. हे पाहा, आत्ता करून देतो. उद्या गाडी आना म्हना."

"नको," मी म्हणाले.

सरांना ते खरोखर कळलं नाही. मी भांडतेय, म्हणजे मला बाबांचं काम करून हवंय, असंच त्यांना वाटलं होतं. "मंग तुमाले पाह्यजे तरी काय?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, खिडकी बंद करा. सर म्हणाले, विचार करतो. मी त्याच दिवशी स्वतःच बंद केली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उघडी होती, आणि तिचा पासवर्ड बदललेला होता. नवा पासवर्ड मला कुणी सांगितला नाही. मागच्या टेबलावर फोन चालूच होते.

बाबांना सांगावं की नाही, हे माझं ठरत नव्हतं. पण ते रोज फोन करून विचारायचे, दोष सापडला का. शाळेत मुलाला उदाहरण अडलं की विचारायचे, तशा आवाजात. मी सांगून टाकलं. रांगेत दोष नाही, आत बसलेले लोक आपापली नावं पुढे करतात, आणि खिडकी आता माझ्या हातात नाही.



"तवा तुह्या हातात होती," बाबा म्हणाले, "तवा तू माह्यं नाव पुढं केलं का?"

"नाही बाबा."

"बरं केलं. मी थांबतो. येईन ना पाळी. सगळ्याइची मानसं संपतीन तवा तं येईन."

माणसं संपली नाहीत. केंद्राचं गोदाम भरलं आणि खरेदी बंद झाली, असा एक निरोप सगळ्यांना एकाच वेळी गेला. त्या दिवशीही बाबांच्या फोनवर त्यांच्या पुढे गाड्या दिसत होत्या. आईला आता खोकलाही झाला होता. बाबांनी गावात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला बोलावलं आणि तो म्हणेल त्या भावात सगळा कापूस देऊन टाकला. त्याने मापात मारलं तेही बाबांना दिसलं. जो माणूस भाजीवाल्याचा हिशेब दोनदा तपासतो, तो काही बोलला नाही. खोली मोकळी झाली आणि आई झाडून घेत होती, एवढंच मला फोनवर ऐकू आलं.

गावाने मात्र गप्प बसायचं नाकारलं. पारावर बाबांना विचारायला लागले, गुरुजी, तुमची पोरगी तं त्याच हापिसात हाये ना? पोरगी आत अन् बाप बाहेर, असं कसं काय? माह्या पोट्ट्याच्या साळ्यानं एक फोन केला अन् दुसऱ्या दिवशी गाडी खाली झाली. कुणी म्हणालं, पोरीचं तिथं काही चालत नसन. कुणी म्हणालं, पोरगी बापाले इचारत नाई. बाबांनी सुरुवातीला लोकांना समजावलं की आपणच तिला करू दिलं नाही. त्यावर लोक हसायचे. तत्त्व म्हणून कुणी रांगेत उभं राहतं यावर विश्वास ठेवण्यापेक्षा मुलगी नालायक आहे यावर विश्वास ठेवणं लोकांना सोपं गेलं. मग बाबांनी पारावर जाणं सोडलं. त्यांना चेष्टेचं दुःख नव्हतं, चेष्टा त्यांनी पुष्कळ पाहिली होती. आपण खरं सांगतोय आणि ते खोटं वाटतंय, हे त्यांना सोसवत नव्हतं.

मी नोकरी का सोडली नाही, असं मैत्रिणी विचारतात. अमरावतीत या कामाची ऑफिसं आहेत किती? आणि दुसरीकडे काय वेगळं असेल? आता मी कुठलाही प्रोग्राम पाहिला की आधी हेच विचारते, याच्या आत कोण कोण बसलंय. रेल्वेचं आरक्षण, दवाखान्याचा नंबर, वसतिगृहाची यादी. पडद्यावर रांग दिसते आणि माझा विश्वास बसत नाही. जी खिडकी मला ऑफिसातली एकमेव सरळ गोष्ट वाटत होती, तिने मला खोटं काहीच सांगितलं नव्हतं. विचारल्याबरोबर कोण आत आहे ते सांगितलं. तिच्यावर राग धरता येत नाही याचाच मला जास्त राग येतो.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा वेचणी झाली. खोली पुन्हा भरली. केंद्राची नोंदणी सुरू झाली तेव्हा बाबांचा फोन आला. आईची तब्येत, वेचणीच्या बायांची मजुरी, गावातल्या एका लग्नाचं, असं बरंच इकडचं तिकडचं बोलले. ते असं फिरून फिरून बोलत नाहीत कधी. मी वाट पाहत राहिले.

"तुह्या मांगं एक पोरगा बसते ना," ते म्हणाले, "अकोल्याचा."

"हो."

"त्याचा नंबर दे मले."

बाबाच घाईघाईने बोलायला लागले, उत्तर न आलेल्या मुलाला मास्तर स्वतःच उत्तर सांगून टाकतो तसे. "तू नको करू काही. तुले मीच नाई मनलं हाये, तू आपल्या जागी राय. तुह्या माईच्यानं आता सहन होत नाई, रातभर खोकलते. मी बोलतो त्याच्यासंग. बाकीचे बोलतात तसा."

"बाबा, मी सरांना सांगते. मी पुन्हा भांडते."

"भांडू नको. नंबर दे."

मी नंबर सांगितला. त्यांनी तो सावकाश लिहून घेतला आणि मला पुन्हा वाचून दाखवला. एकही आकडा चुकला नाही.

"अन् त्याले काय मनू?" त्यांनी विचारलं. "सर मनू, का साहेब मना लागन?"

"तुमच्यापुढे लेकरू आहे ते बाबा," मी म्हणाले. "नावाने हाक मारा."

"नाई बाई," बाबा म्हणाले. "काम आपलं हाये."